भारहीन अवस्थेतील दिवा

प्रस्तावना

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दुर्ग स्थानक मागे पडले की भिलाई लागते. छत्तीसगड राज्यातील हे शहर पोलादासाठी देशभर ओळखले जाते. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ या कारखान्यात तयार होतात. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या प्रांतात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भाचे आणि या भागाचे नाते जुनेच आहे. अनेक मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन स्थायिक झाली.

पोलादाची भट्टी रात्री विझवता येत नाही. म्हणून अशा कारखान्यात तीन पाळ्यांत काम चालते आणि रात्रपाळीच्या कामगाराला दिव्यावर विसंबावे लागते. उंच छपराखाली, धूळ आणि धग यांच्या सान्निध्यात, मोठ्या जागेवर प्रकाश पाडण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या कारखान्यांनी वायू-विसर्जन दिव्यांचा आश्रय घेतला. या दिव्यांत एक गुण होता: थोड्या विजेत पुष्कळ प्रकाश. त्यांत एक दोषही होता: काही दिव्यांचा प्रकाश सर्वत्र सारख्या रंगाचा नसे. हा दोष का निर्माण होतो, हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी २००४ साली असा दिवा थेट अंतराळात नेऊन पेटविला. त्या प्रयोगाची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• वायू-विसर्जन दिव्याचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• अभिसरण आणि विसरण यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• भारहीन अवस्था म्हणजे काय, हे उदाहरण देऊन सांगू शकाल;
• शास्त्रीय लेखनातील पारिभाषिक शब्दांची घडण ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. विसर्जन दिवा म्हणजे काय?

'विसर्जन' हा शब्द ऐकताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गणपतीची मिरवणूक उभी राहते. विज्ञानात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. साठलेला विद्युत् भार एखाद्या माध्यमातून वाहून जाणे, याला विद्युत् विसर्जन म्हणतात. आकाशातील वीज हे त्याचे सर्वांत भव्य उदाहरण होय. ढगात साठलेला भार हवेतून जमिनीकडे धावतो आणि त्याच्या वाटेतील हवा क्षणभर झळाळून उठते. वायू-विसर्जन दिव्यात हीच घटना एका बंद नळीत, आटोक्यात ठेवून, सतत घडवून आणलेली असते.

साध्या पिवळ्या बल्बमध्ये धातूची बारीक तार तापून प्रकाश देते. विसर्जन दिव्यात तार तापवून प्रकाश मिळवायचा नसतो. काचेच्या नळीच्या दोन टोकांना धातूचे दोन अग्र बसविलेले असतात आणि नळीत एखादा वायू किंवा धातूची वाफ असते. दोन्ही अग्रांना पुरेसा विद्युत् दाब दिला की वायूतील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावू लागतात. वाटेत ते वायूच्या अणूंवर आदळतात. धक्का लागलेला अणू ऊर्जा घेतो आणि क्षणार्धात ती प्रकाशाच्या रूपाने परत टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूने टाकलेला प्रकाश ठरावीक रंगांचाच असतो. निऑनचा प्रकाश नारिंगी-लाल, सोडियमचा पिवळा, तर पाऱ्याच्या वाफेचा निळसर-हिरवट असतो. दुकानांच्या जुन्या चमकत्या पाट्या, रस्त्यांवरील पिवळे दिवे आणि घरातील ट्यूबलाइट ही सर्व याच कुळातील भावंडे आहेत. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. नळीच्या आतील बाजूस दिलेला पांढरा लेप ते शोषून दृश्य प्रकाश देतो.

विसर्जन एकदा सुरू झाले की प्रवाह वाढतच जातो. त्याला आवर घालण्यासाठी दिव्यासोबत चोक जोडावा लागतो. शिवाय मोठे दिवे एकदा विझले की तापलेल्या स्थितीत लगेच पेटत नाहीत. वीज गेली आणि लगेच परत आली, तरी आतील वाफ थंड होऊन दिवा पुन्हा पूर्ण प्रकाशू लागेपर्यंत काही मिनिटे जातात. ज्या ठिकाणी असे दिवे वापरले जातात, तेथील कामगारांना हा अनुभव चांगलाच परिचित असतो.

पाठगत प्रश्न १
(अ) विद्युत् विसर्जन कशास म्हणतात?
(आ) विसर्जन दिव्याला चोक का लागतो?

२. रंग ओळखण्याची गरज

प्रकाश भरपूर असला म्हणजे काम भागले, असे नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा असतो. त्या प्रकाशात लाल आणि तपकिरी वायर शेजारी ठेवल्या, तर कोणती कोणती, हे सांगणे अवघड जाते. धोक्याची लाल पाटी काळपट दिसते. रस्त्यावर हे चालून जाते. वायरमनच्या हातात जिवंत तार असेल, तर मात्र रंगाची चूक जिवावर बेतू शकते. भट्टीजवळच्या कामातही नजरेला महत्त्व आहे. तापलेले लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी पांढुरके दिसते. लोहारापासून पोलाद कामगारापर्यंत सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या हा रंग वाचला आहे.

म्हणून पांढऱ्या प्रकाशाच्या विसर्जन दिव्यांचा शोध सुरू झाला. पाऱ्याच्या वाफेत सोडियम, थॅलियम, डिस्प्रोशियम यांसारख्या धातूंचे आयोडाइड मिसळले, तर निरनिराळ्या धातूंचे रंग एकत्र येऊन प्रकाश पांढरा होतो, असे आढळले. अशा दिव्याला धातु-हॅलाइड दिवा म्हणतात. क्रीडांगणे, मोठी दुकाने, कारखाने यांत हे दिवे १९६० च्या दशकापासून वापरात आले. परंतु उभ्या लावलेल्या काही दिव्यांत विचित्र प्रकार दिसे. नळीच्या खालच्या भागात एक रंग, तर वरच्या भागात दुसराच. तळाशी धातूंचा प्रकाश आणि माथ्यावर पाऱ्याची निळसर छटा. एकाच दिव्यात मिसळलेले पदार्थ जणू आपापली जागा धरून बसत. या दोषाला रंगविलगता म्हणता येईल.

३. धुराड्यापासून दिव्यापर्यंत

या दोषाचे मूळ शोधण्यासाठी क्षणभर भिलाईच्या धुराड्यांकडे पाहू. तापलेला वायू प्रसरण पावतो, हलका होतो आणि वर जातो. त्याची जागा घेण्यासाठी थंड व जड हवा खाली येते. या चक्राकार हालचालीला अभिसरण म्हणतात. धुराड्यातून धूर वर चढतो, चुलीवरच्या पातेल्यात पाणी खालीवर फिरते, मेणबत्तीची ज्योत टोकदार होते. या सर्वांमागे अभिसरणच आहे.

विसर्जन दिव्याच्या लहानशा नळीतही हेच घडते. जास्त दाबाच्या दिव्यात नळीच्या मध्यभागी तापमान सुमारे पाच हजार अंश सेल्सिअस असते, तर भिंतीपाशी सुमारे एक हजार अंश. मध्यभागी तापलेला वायू वर चढतो आणि भिंतीलगत खाली उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने दोन आडव्या कोळशाच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत निर्माण केली. तापलेली हवा वर जात असल्यामुळे ती ज्योत धनुष्यासारखी वर वाकली. धनुष्याच्या किंवा कमानीच्या या आकारावरूनच इंग्रजीत तिला 'आर्क' हे नाव मिळाले. मराठीत तिला प्रज्योत म्हणतात. आजही आडव्या बसविलेल्या दिव्यात प्रज्योत वर वाकते आणि नळीची वरची बाजू अधिक तापते. म्हणूनच काही दिव्यांवर ते उभे लावावेत की आडवे, हे लिहिलेले असते.

अभिसरणाच्या जोडीला दुसरी एक क्रिया चाललेली असते. तिचे नाव विसरण. उदबत्ती लावली की वारा नसतानाही तिचा सुगंध हळूहळू खोलीभर पसरतो. जेथे कण दाट आहेत, तेथून ते विरळ जागेकडे पसरत जातात. दिव्यातील धातूचे आयोडाइड भिंतीजवळ संयुगाच्या रूपात राहतात. ते मध्यभागी शिरले की प्रखर उष्णतेने फुटतात आणि धातूचे सुटे अणू तयार होतात. हे सुटे अणू प्रकाश देतात आणि पसरत भिंतीकडे आले की पुन्हा संयुग बनतात. लहान, सुटे अणू चपळ असल्याने मध्यभागातून लवकर बाहेर पडतात. मोठे संयुग मात्र सावकाश आत शिरते. परिणामी मध्यभागी धातूचे प्रमाण कमी आणि भिंतीजवळ जास्त, अशी वाटणी होते.

आता या दोन क्रिया एकत्र आणून पाहू. एखाद्या रेल्वे स्थानकावर दोन जिने आहेत, असे समजा. खाली उतरण्याच्या जिन्यावर माणसांची दाटी आहे, वर चढण्याच्या जिन्यावर मोजकीच माणसे आहेत. थोड्या वेळाने खालच्या फलाटावर गर्दी होणार, हे उघड आहे. दिव्यातही भिंतीलगत उतरणारा वायू धातूने समृद्ध आणि मध्यभागी चढणारा वायू धातूला पारखा असतो. म्हणून धातू तळाशी साचत जातो. केवळ जड पदार्थ खाली बसतो, असे हे साधे गणित नाही. जिने बंद केले, म्हणजे अभिसरण थांबवले, तर तळाशी गर्दी होणार नाही. उलट वायू फार वेगाने फिरला, तर कणांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास सवडच मिळत नाही आणि सर्व मिश्रण घुसळून एकजीव होते. रंगविलगता सर्वाधिक होते ती या दोन टोकांच्या मधल्या स्थितीत.

पाठगत प्रश्न २
(अ) उदबत्तीचा सुगंध पसरणे हे कोणत्या क्रियेचे उदाहरण आहे?
(आ) दिव्याच्या मध्यभागी धातूचे प्रमाण कमी का असते?

४. वजन नाहीसे कसे होते?

दिव्यातील दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात. त्यांपैकी विसरण एकटेच किती काम करते, हे मोजायचे, तर अभिसरण थांबविले पाहिजे. परंतु अभिसरणाचे मूळ गुरुत्वाकर्षणात आहे. हलके वर आणि जड खाली, हा भेदच वजनामुळे निर्माण होतो. वजन नाहीसे केले, तर तापलेल्या वायूला 'वर' अशी दिशाच उरणार नाही. मग पृथ्वीवर राहून वजन नाहीसे कसे करावयाचे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. तरीही तेथील माणसे तरंगतात. कारण स्थानक आणि त्यातील प्रत्येक वस्तू एकाच वेगाने पृथ्वीकडे सतत 'पडत' असते. स्थानकाचा आडवा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असल्याने ते पडता पडता पृथ्वीला वळसा घालते. सुमारे दीड तासात त्याची एक प्रदक्षिणा पूर्ण होते. दोर तुटलेल्या पाळण्यातील माणसाला क्षणभर आपले वजन जाणवणार नाही, तसेच हे आहे. फरक एवढाच की स्थानकाचे हे पडणे संपत नाही. स्थानकाचा मार्ग भारतावरूनही जातो. आकाश निरभ्र असेल, तर पहाटे किंवा सायंकाळी भिलाईच्या आकाशातून सरकणारा तो तेजस्वी ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो.

अल्प काळ भारहीनता मिळविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे विशेष विमान. हे विमान वर चढून, फेकलेल्या चेंडूच्या मार्गाने, कमान करीत खाली येते. त्या काळात आतील वस्तू सुमारे वीस सेकंद भारहीन राहतात. परंतु दिव्यातील पदार्थांची वाटणी स्थिर होण्यास याहून अधिक वेळ लागतो. म्हणून दीर्घ प्रयोगासाठी अंतराळ स्थानकच योग्य ठरते.

भारहीन अवस्थेत ज्योतीचे रूप कसे बदलते, हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. तेथे मेणबत्तीची ज्योत उंच व पिवळी न राहता गोलसर, मंद आणि निळी होते. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या मोहिमेत ज्वलनाचे अनेक प्रयोग झाले. हरियाणातील कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला या मोहिमेत होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. प्रयोगांच्या ज्या नोंदी आधीच पृथ्वीवर पाठविल्या गेल्या होत्या, त्या हाती राहिल्या. ज्ञानाची किंमत कधी कधी किती मोठी असते, याची ही आठवण आहे.

५. २००४ चा प्रयोग

कोलंबियाच्या दुर्घटनेनंतर अमेरिकेची अवकाश यानांची उड्डाणे थांबली होती. स्थानकावर माणसे नेण्यासाठी त्या वेळी रशियाचे सोयुझ हेच यान होते. १९ एप्रिल २००४ रोजी बैकानूर येथून सोयुझ यान निघाले. त्यात गेनादी पदाल्का, मायकेल फिंक आणि नेदरलँड्सचे आंद्रे कायपर्स हे तिघे होते. कायपर्स हे व्यवसायाने डॉक्टर. त्यांच्याकडे सोपविलेल्या प्रयोगांपैकी एकाचे नाव होते 'आर्जेस'. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठ आणि त्याच शहरात वाढलेली फिलिप्स ही दिव्यांची कंपनी यांनी मिळून तो आखला होता.

अंतराळात दिवा पेटविणे ही साधी गोष्ट नव्हे. हा दिवा अत्यंत तापतो, त्यातील दाब मोठा असतो आणि त्यात पारा असतो. पाऱ्याची वाफ विषारी आहे. जमिनीवर नळी फुटली, तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जाता येते. अंतराळ स्थानकाला उघडता येईल अशी खिडकी नाही. तेथे सर्वजण तीच हवा पुन्हा पुन्हा शुद्ध करून श्वासात घेतात. म्हणून हा प्रयोग एका हवाबंद पेटीत करण्यात आला. या पेटीला हातमोजे जोडलेले असतात. अंतराळवीर बाहेरून मोज्यांत हात घालतो आणि आतील वस्तू हाताळतो. आतील हवा बाहेर येत नाही.

पेटीत पारा आणि डिस्प्रोशियम आयोडाइड असलेले दिवे पेटविण्यात आले. त्यांतून निघालेल्या प्रकाशाचे रंग वेगवेगळे करून त्यांची तीव्रता नोंदविण्यात आली. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश ठरावीक रंगांचा असल्याने, कोणता रंग नळीत कोठे किती आहे, हे पाहिले की कोणता धातू कोठे किती आहे, हे कळते. दिव्याला हात न लावता, त्याच्या प्रकाशावरूनच त्याचे अंतरंग वाचण्याची ही पद्धत होय. तिला वर्णपटमापन म्हणतात. प्रज्योत काही वेळा सरळ न राहता मळसूत्रासारखी पिळवटते. त्या अस्थिरतेचे निरीक्षण करणे हाही प्रयोगाचा एक हेतू होता. पृथ्वीवर अभिसरणाच्या गडबडीत ती स्पष्टपणे अभ्यासता येत नाही.

कायपर्स ३० एप्रिल २००४ रोजी पृथ्वीवर परतले. प्रयोगाचे निष्कर्ष पुढे शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. भारहीन अवस्थेत अभिसरण नाहीसे झाल्यामुळे तळाशी धातू साचण्याचा प्रकार उरला नाही. भिंत आणि मध्यभाग यांच्यातील वाटणी मात्र कायम राहिली, कारण ती विसरणाचे काम होती. दोन क्रियांचा गुंता असा सुटला. संशोधकांनी या प्रयोगाला जमिनीवरच्या प्रयोगांची जोड दिली. फिरत्या यंत्रावर दिवे ठेवून त्यांना पृथ्वीच्या दहापटीपर्यंत गुरुत्वाचा अनुभव देण्यात आला. शून्याजवळचे वजन, नेहमीचे वजन आणि अनेक पटींचे वजन अशा सर्व स्थितींतील मापनांवरून गणिती प्रतिमाने तपासता आली.

पाठगत प्रश्न ३
(अ) प्रयोग हवाबंद पेटीत का केला?
(आ) भारहीन अवस्थेत कोणती वाटणी नाहीशी झाली आणि कोणती कायम राहिली?

६. मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न कोणीही विचारील आणि तो विचारणे योग्यच आहे. प्रयोग झाला त्या काळात जगातील विजेचा जवळपास पाचवा हिस्सा प्रकाशासाठी खर्च होत होता. त्यामुळे दिव्याच्या कार्यक्षमतेत झालेली थोडीशी सुधारणाही मोठी बचत करू शकली असती. परंतु पुढील काही वर्षांत चित्र पालटले. एलईडी दिवे स्वस्त आणि समर्थ झाले. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब घरोघरी पोचले. रस्त्यांवरील सोडियमचे दिवेही बदलू लागले. खुद्द अंतराळ स्थानकातील ट्यूबसारखे दिवे काढून २०१६ पासून तेथे एलईडी बसविण्यास प्रारंभ झाला. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेला मिनामाटा करार २०१७ साली अमलात आला आणि पाऱ्याचे दिवे मागे पडण्यास आणखी एक कारण मिळाले.

मग एवढा खटाटोप वाया गेला काय? तसे म्हणता येणार नाही. पाणी निर्जंतुक करणाऱ्या अनेक यंत्रांत आजही पाऱ्याच्या वाफेचे अतिनील दिवे वापरले जातात. शिवाय दिवा बदलला, तरी निसर्गाचा नियम बदलत नाही. एलईडी बल्बच्या मागच्या भागात उष्णता साठते आणि ती आजूबाजूची हवा अभिसरणाने वाहून नेते. बंद डब्यासारख्या जागेत हवा खेळली नाही, तर बल्ब लवकर निकामी होतो. अंतराळात तापलेली हवा आपोआप वर जात नाही, म्हणून तेथे माणसाच्या श्वासाची हवासुद्धा पंख्याने हलवत ठेवावी लागते. दिव्याच्या नळीत जे शिकायला मिळाले, तेच ज्ञान यंत्रे थंड ठेवण्यापासून भट्टीतील वायूंचा प्रवाह समजण्यापर्यंत अनेक ठिकाणी लागू पडते. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचलेले पहिले भारतीय ठरले. तेथे त्यांनी केलेले प्रयोगही याच विचारावर उभे होते: वजन बाजूला काढले, तर वस्तूचे खरे वर्तन कसे दिसते?

आपण ज्या गोष्टीत सदैव वावरतो, ती आपल्याला दिसत नाही. गुरुत्वाकर्षण ही अशीच गोष्ट आहे. ते दूर केल्यावरच त्याने दिव्याच्या एवढ्याशा नळीत काय काय घडवून आणले होते, हे उमगले. एखाद्या दोषाचे खापर कोणावर तरी फोडून मोकळे होण्याऐवजी, एकेक कारण वेगळे काढून तपासावे, हा या प्रयोगाचा धडा आहे. तो प्रयोगशाळेत जितका खरा आहे, तितकाच कारखान्यात आणि संसारातही खरा आहे.

हे लक्षात ठेवा

जुनी ट्यूब किंवा पाऱ्याचा दिवा फुटल्यास खिडक्या उघडाव्यात आणि काही वेळ खोलीबाहेर थांबावे. तुकडे उघड्या हातांनी उचलू नयेत व झाडूने पसरवू नयेत. जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. लहान मुलांना दूर ठेवावे.

शब्दार्थ

सान्निध्य – जवळीक. प्रसरण – फुगणे, आकार वाढणे. समृद्ध – भरपूर असलेला. पारखा – वंचित, दूर झालेला. एकजीव – पूर्णपणे मिसळलेला. निष्कर्ष – अभ्यासातून निघालेले अनुमान. प्रतिमान – एखाद्या घटनेचे गणिती किंवा काल्पनिक रूप. खटाटोप – मोठा प्रयत्न. खापर फोडणे – दोष देणे.

भाषाभ्यास

या पाठातील पारिभाषिक शब्द कठीण वाटले, तरी त्यांची घडण सोपी आहे. शब्दाच्या आधी लागणाऱ्या आणि त्याचा अर्थ बदलणाऱ्या अक्षरसमूहाला उपसर्ग म्हणतात. खालील शब्द पाहा.

सरण (सरकणे, जाणे) या शब्दापासून:
अभि + सरण = अभिसरण; वि + सरण = विसरण; प्र + सरण = प्रसरण; अनु + सरण = अनुसरण.

सर्जन (सोडणे, निर्माण करणे) या शब्दापासून:
वि + सर्जन = विसर्जन; उत् + सर्जन = उत्सर्जन.

'विसरण' या शब्दाचा 'विसरणे' या क्रियापदाशी संबंध नाही, हे ध्यानात घ्यावे. एकाच मूळ शब्दाला निरनिराळे उपसर्ग लागून अर्थ किती बदलतो, हे या उदाहरणांवरून दिसते. तसेच एकच शब्द व्यवहारात आणि शास्त्रात वेगवेगळा अर्थ धारण करू शकतो. 'विसर्जन' आणि 'भार' हे असे शब्द आहेत.

आपण काय शिकलो?

• वायू-विसर्जन दिव्यात विद्युत् प्रवाहामुळे वायूचे अणू प्रकाश देतात आणि प्रकाशाचा रंग मूलद्रव्यावर अवलंबून असतो.
• अभिसरण वजनामुळे घडते. विसरणाला वजनाची गरज नसते.
• या दोन्ही क्रियांच्या संयोगामुळे धातु-हॅलाइड दिव्यात धातू तळाशी साचतो व रंग एकसारखा राहत नाही.
• सतत पडत राहण्यामुळे अंतराळ स्थानकात भारहीन अवस्था असते.
• २००४ च्या प्रयोगाने अभिसरण आणि विसरण यांचे परिणाम वेगळे करून दाखविले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केव्हा झाले?
(आ) 'आर्क' हे नाव कोणत्या आकारावरून पडले?
(इ) भारहीन अवस्थेत मेणबत्तीची ज्योत कशी दिसते?

२. कारणे लिहा.
(अ) कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली वायरमनला काम करणे धोक्याचे ठरते.
(आ) विशेष विमानातील भारहीनता या प्रयोगाला पुरेशी नव्हती.

३. रेल्वे स्थानकावरील दोन जिन्यांच्या उदाहरणाने लेखकाने कोणती गोष्ट समजावून दिली आहे? स्वतःच्या शब्दांत लिहा. असेच दुसरे उदाहरण तुमच्या व्यवसायातून द्या.

४. 'ज्या संशोधनाचा उपयोग लगेच दिसत नाही, ते व्यर्थ असते काय?' या विषयावर दहा-बारा ओळी लिहा.

५. पुढील शब्दांतील उपसर्ग ओळखा: प्रकाश, अनुभव, निष्कर्ष, विशेष.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) साठलेला विद्युत् भार माध्यमातून वाहून जाणे. (आ) वाढत जाणाऱ्या प्रवाहाला आवर घालण्यासाठी.
२. (अ) विसरणाचे. (आ) सुटे अणू लवकर बाहेर पडतात व मोठे संयुग सावकाश आत शिरते म्हणून.
३. (अ) दिवा फुटल्यास पाऱ्याची विषारी वाफ स्थानकाच्या हवेत मिसळू नये म्हणून. (आ) तळाशी धातू साचण्याचा प्रकार नाहीसा झाला. भिंत व मध्यभाग यांच्यातील वाटणी कायम राहिली.